जुन्या प्रतींत नसलेली बाई

चैतीबायला सही येत नव्हती. हजेरीच्या कागदावर ती अंगठा उठवायची आणि शाई भिंतीला पुसायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकाच माणसाचा मनापासून मत्सर केला, आणि ते माणूस म्हणजे ही बाई. माझ्याबरोबर शिकलेले मास्तर झाले, कारकून झाले, त्यांची पक्की घरं झाली, त्यांचा हेवा मला कधी वाटला नाही. पण दाभोशाच्या एका अडाणी बाईनं तोंड उघडलं की माझ्या पोटात दुखायचं. ते दुखणं अजून गेलेलं नाही. या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं आहे. आता कामाबद्दल लिहायचं तर या पोटदुखीबद्दलच लिहावं लागेल.

मी पोशेऱ्याचा. घरी भात आणि नाचणी. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि मोखाड्याला पंचायत समितीच्या बाहेर लोकांचे अर्ज लिहीत बसलो. नव्वदचं दशक, तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. एकदा कुणीतरी सांगितलं की जव्हारला एक कचेरी निघाली आहे, त्यांना डोंगराकडची बोली येणारा पदवीधर पाहिजे. कचेरी म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर आणि मोजक्या कॅसेटी. काम होतं येशूची शुभवर्तमानं आमच्या बोलीत आणायचं. शुभवर्तमान म्हणजे त्याच्या आयुष्याची आणि शिकवणीची हकिगत. अशा चार आहेत. मुलाखतीला शांतवनसर म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. नगरकडचे, जन्मानं ख्रिस्ती, जुनी ग्रीक भाषा येणारे. मी सरळ सांगितलं, "सर, मी वाघोबाला नारळ फोडणारा माणूस आहे. चालेल का?"

ते म्हणाले, "खुशाल फोडा. वाक्य मोडू नका म्हणजे झालं."

माझ्या बोलीचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या पाड्याचा माणूस भांडायला येईल की ती आमची, तुमची वेगळी. एवढं सांगतो की आश्रमशाळेत ती बोली तोंडातून निघाली की गुरुजी म्हणायचे, "माणसासारखं बोल." त्या बोलीत तोवर एकही पुस्तक छापलेलं नव्हतं. पहिलं पुस्तक माझ्या हातून होणार होतं. कुठल्या देवाचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. पुस्तक माझं होणार, एवढंच मी घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या जीपनं जव्हारला गेलो.

कामाची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. आधी मी मराठीवरून बोलीत मसुदा करायचा. सरांना बोली येत नव्हती, म्हणून त्याच मसुद्याचं शब्दाला शब्द ठेवून परत मराठी करून त्यांना द्यायचं. याला आम्ही उलट भाषांतर म्हणायचो. ते वाचताना माझी लाज निघायची, कारण वाकडं वाक्य उलटं केलं की आणखी वाकडं दिसतं. सर ग्रीकशी ताडून बघायचे आणि लाल पेन्सिलीनं खुणा करायचे. मग खरी परीक्षा, गावतपासणी. ज्यानं हा मजकूर कधी ऐकलेला नाही असा माणूस शोधायचा, त्याला एक उतारा वाचून दाखवायचा, कागद मिटायचा आणि म्हणायचं, "आता तुम्ही सांगा." तो काय सांगतो ते टेप करायचं. सांगताना जे गळेल, जे उलटंपालटं होईल, तो दोष मजकुराचा. ऐकणाऱ्याचा कधीच नाही. हा नियम सरांचा. बी.ए. झालेल्या माणसाला तो फार लागतो.

गिऱ्हाईकं एकेक भारी भेटायची. मोखाड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याला मी पेरणी करणाऱ्याची गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, "बी कुठे कुठे पडलं?" तो म्हणाला, "तू आताच तं वाचलास. तुला ठाव आहे, मंग मला कशाला इचारतोस?" एका पाड्यावर आम्ही शिधापत्रिकेच्या चौकशीला आलो असं समजून लोकांनी प्रत्येक प्रश्नाला "नाय" उत्तर दिलं. येशू नावेत बसला का? नाय. वारा सुटला का? नाय. एक प्राथमिक शिक्षक होते, ते माझं प्रत्येक वाक्य शुद्ध मराठीत करून परत द्यायचे आणि वर म्हणायचे, "असं लिहा, म्हणजे मुलांना वाईट सवय लागणार नाही."

दाभोशाला गेलो तो दिवस आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकल्यानंतरचा. सर बरोबर होते. उतारा होता त्या बाईचा. लोक एका बाईला येशूपुढे आणतात. हिला परपुरुषाबरोबर धरली, नियमाप्रमाणे दगड मारून मारायची, तुम्ही काय म्हणता? येशू खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत राहतो. मग म्हणतो, ज्याच्या हातून कधी काही चुकलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा. एकेक जण निघून जातो, आधी म्हातारे. हा उतारा मी आठ दिवस घासला होता. येशूनं जमिनीवर काय लिहिलं असेल, यावर खाली एक टीपसुद्धा जोडली होती. तीन शक्यता दिल्या होत्या. त्या टिपेचा मला फार अभिमान होता.

ओट्यावर चार बाया बसल्या होत्या. त्यातली पन्नाशीची, अंगानं काटक, ती चैतीबाय. मी वाचलं, कागद मिटला, आणि म्हणालो, "मावशी, आता तुम्ही सांगा."

ती म्हणाली, "हां देनारा कोन?"

आमच्याकडे गोष्ट सांगायची तर समोर कुणीतरी प्रत्येक वाक्याला "हां" म्हणायला लागतं. "हां" थांबलं की गोष्ट थांबते. मी इतकी वर्षं टेपरेकॉर्डरसमोर मसुदे वाचत होतो, मला त्याची आठवणही राहिली नव्हती. शेजारची बाई "मी देतू" म्हणाली आणि चैतीबायनं सुरुवात केली.

"एक बाय होती. हां? तिला धरून आनली. बाप्या सोडला न बायलाच आनली. तो कसा सुटला ता कोनी सांगत नाय, मी पन नाय सांगत. मधे उभी केली. सगले बघतात. कोन तोंडाकडं बघतो, कोन पायांकडं. सगल्यांचे हातात दगड. मंग ह्याला इचारला, काय करायचा हिचा? तो खाली बसला. जमिनीवर बोट फिरवीत ऱ्हायला. वर बघलाच नाय. सगली दुनिया तिला बघत होती, तं एकानी तरी बघू नये. म्हनून तो खाली बघत होता."

सरांनी माझा दंड धरला. "काय म्हणाली? शब्दन् शब्द सांगा." मी सांगितलं. चैतीबाय तिकडे पुढे गेली होती. म्हातारे पहिले का गेले? "म्हाताऱ्यांना जास्त आठवतं." त्यांनी दगड टाकले नाहीत, हळूच खाली ठेवले, आवाज होऊ नये म्हणून. शेवटी बाई एकटी उरली तेव्हा त्यानं मान वर केली, आणि तेव्हाच पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "जा घरी, म्हनला. परत असा करू नको. बस."

सर चष्मा काढून पुसत बसले. परतताना जीपमध्ये म्हणाले, "रघुनाथ, आम्ही सगळी शिकलेली माणसं, त्यांनी काय लिहिलं हेच विचारत बसलो. खाली का बघत होते, ते नाही विचारलं."

माझ्या तीन शक्यतांची टीप खिशात होती. ती मी जव्हार येईपर्यंत चुरगळत होतो. तिथून माझी पोटदुखी सुरू झाली.

चैतीबायला सरांनी रोजावर बोलवायला सुरुवात केली. आठवड्यातून दोनदा ती जीपनं यायची, जमिनीवरच बसायची, खुर्ची दिली तरी नाही. मी मसुदा वाचायचो, ती ऐकायची आणि मग सांगायची. माझी चार वाक्यं तिच्या एकात बसायची. सर नगरहून आले की बॅग ठेवण्याआधी विचारायचे, "चैतीबाय काय म्हणाली?" मी काय लिहिलं, हे नंतर. एकदा मी रात्रंदिवस खपून येशूनं वादळ शमवल्याचा उतारा तयार केला. सर वाचून म्हणाले, "ठीक आहे. तिला ऐकवा." ठीक आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईला पुस्तक कुठून उघडतात हे ठाऊक नाही, तिच्याकडून मी बोली शिकायची, जी माझीसुद्धा बोली होती! खरं सांगायचं तर तिचं वाईट वागणं काही नव्हतं. ती मला दादा म्हणायची, येताना काकड्या आणायची. त्या काकड्याही मला गोड लागेनात.

आमचं काम बिघडलं ते तिच्याच तोंडानं. एकदा आम्ही पोशेऱ्याला गेलो, माझ्याच गावात, कोरे कान शोधत. मी त्या बाईचा उतारा वाचायला लागलो आणि दोन वाक्यांतच समोरची पोरगी म्हणाली, "असा नाय दादा. तुझा चुकला. तो खाली बसला तो तिला बघायला नको म्हनून. तू ता सांगलाच नाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"आवणीला सांगत होत्या बाया."

झालं होतं असं की आवणीच्या टोळ्या गावोगाव जातात. चैतीबाय चिखलात रोपं लावताना कामाच्या नादात आमचे उतारे सांगायची. तिच्या रांगेतल्या बायांनी ते पुढच्या टोळीला दिले. आमचं पुस्तक छापायच्या आधी तालुका ओलांडून गेलं होतं, आणि तेही तिच्या शब्दांत. नियमाप्रमाणे तपासणी बाद. कोरा कान राहिलाच नव्हता. मला वाटलं, आता सर तिला बंद करतील. मनातल्या मनात मी जीपचं एक भाडं वाचल्याचा आनंदसुद्धा करून घेतला.

सर मात्र हसत सुटले. तिथेच एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. येशू असताना कुणी काही लिहून ठेवलं नाही. त्याच्यामागे तीसचाळीस वर्षं सगळं तोंडानंच चाललं, बाजारात, जेवायला बसल्यावर, कामावर. आधी लिहिली गेली ती पत्रं. या गावची मंडळी भांडतात, त्या गावची जेवताना गरिबांना मागे ठेवतात, म्हणून रागावून लिहिलेली पत्रं. शुभवर्तमानं त्यानंतरची, जेव्हा प्रत्यक्ष बघितलेली माणसं म्हातारी होऊन जायला लागली. त्यांच्यावर आधी लेखकाचं नाव नव्हतं. नावं मागाहून चिकटली. "आणि ज्यांनी ती पहिल्यांदा नीट सांगितली असतील," सर म्हणाले, "त्यातल्या निम्म्यांना सही येत नसणार."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले का, हे मला आजही कळलेलं नाही.

तो ओट्याचा मालक सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बाबा, एक सांग. हा तुमचा देव का मानूस? एकदा काय ता ठरवा. देव तं मार कसा खातो? मानूस तं मेलेला उठतो कसा?"

सर म्हणाले, "बाबा, तुम्ही जे विचारलंत ना, त्यावर आमची मंडळी तीनशे वर्षं भांडली. कुणी म्हणे देवच, माणसाचा नुसता देखावा. कुणी म्हणे माणूस, देवानं उचलून मोठा केलेला. कुणी म्हणे देवानं घडवलेला, देवाच्या खालोखाल. शेवटी बादशहानं सगळ्या धर्मगुरूंना एका गावी बोलावून बसवलं."

"मंग ठरला?"

"ठरलं, की तो पूर्ण देव, देवबापाच्या बरोबरीचा. पुढे आणखी शंभरसव्वाशे वर्षांनी ठरलं, की पूर्ण माणूससुद्धा. बाहेर आल्यावर लोक परत भांडले."

म्हातारा खूश झाला. "मंग आमचेसारकाच आहे," म्हणाला. त्यानं कोरा चहा मागवला.

त्या दिवसापासून मी सरांना खोदून विचारायला लागलो. मला कळलं की चारापेक्षा जास्त शुभवर्तमानं फिरत होती. कोणती वाचायची, कोणती नाही, हे एका दिवसात एका माणसानं ठरवलेलं नाही. ज्यांचा धागा पहिल्या शिष्यांपर्यंत पोचतो असं लोकांना वाटत होतं, जी बऱ्याच गावच्या मंडळ्यांत वाचली जात होती, जी मानलेल्या गोष्टींशी जुळत होती, ती राहिली. काही पत्रं एका गावाला मान्य, दुसऱ्याला नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आज आहे ती शुभवर्तमानं, पत्रं वगैरे मिळून सत्तावीस पुस्तकांची यादी जशीच्या तशी दिसायला तीनशे वर्षं उलटून गेली होती. एक श्रीमंत जहाजवाला होता, त्यानं घाई करून आपली वेगळी यादी केली. एकच शुभवर्तमान ठेवलं, तेही स्वतःला न पटलेलं कापून, आणि काही पत्रं. बाकी सगळं बाद. मंडळीनं उलट त्यालाच बाद केलं. पण त्याच्यामुळे बाकीच्यांना विचार करावा लागला की आपल्यात काय घ्यायचं. सरांना तो जहाजवाला आवडत नव्हता. मला आवडला. त्याच्या हातात कात्री होती.

मग एका दुपारी सरांनीच माझ्या हातात कात्री दिली. चौथ्या शुभवर्तमानाचा मसुदा बघताना ते म्हणाले, "इथे एक टीप लागेल. ही बाईची गोष्ट सगळ्यांत जुन्या प्रतींत नाही."

"म्हणजे?"

छापखाने नव्हते तेव्हा हातानं नकला व्हायच्या. ज्या सर्वांत जुन्या नकला सापडल्या आहेत, त्यांत ही गोष्ट नाही. नंतरच्या काहींत आहे, पण एकीत इथे, दुसरीत तिथे, एखादीत तर दुसऱ्याच शुभवर्तमानात. सरांचं म्हणणं असं होतं की गोष्ट जुनीच असावी, तोंडोतोंडी फिरत असावी, नकला करणाऱ्यांना ती सोडवेना आणि कुठे बसवावी तेही कळेना. म्हणून हल्ली ती कंसात छापतात आणि खाली टीप देतात.

मी ती टीप लिहून घेतली. घरी जाईपर्यंत मात्र माझ्या मनात सगळं तयार झालं होतं.

पुढच्या महिन्यात पाच जणांची समिती बसली. आधी एक छोटं, प्रायोगिक पुस्तक काढायचं होतं, पानं थोडी, काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवायला. चैतीबायला बोलावलं नव्हतं. कागदाच्या कामाला तिचा काय उपयोग, असं मीच म्हणालो होतो. मी उभा राहिलो आणि फार छान बोललो. जुन्या प्रतींत नाही. आपल्या लोकांचं हे पहिलं पुस्तक. पहिल्याच पुस्तकात शंकेची गोष्ट कशाला. उद्या कुणी बोट दाखवलं तर? प्रत्येक मुद्दा खरा होता. खोट्या मुद्द्यापेक्षा खऱ्या मुद्द्यानं माणसाला जास्त चांगलं मारता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. बाकीच्यांनी मान डोलावली. सरांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, रघुनाथ. ते कशासाठी म्हणताय, ते तुमचं तुम्ही बघा."

गोष्ट गळली. कचेरीचा दुसरा एक नियम होता. कॅसेटी कमी, म्हणून जो उतारा पुस्तकात गेला त्याची कॅसेट ठेवायची आणि जो गळला त्याच्या कॅसेटवर नवीन टेप करायचं. मी दाभोशाची कॅसेट काढली, माझा वादळाचा उतारा स्वच्छ आवाजात तिच्यावर वाचला, आणि पाठीवर नवीन चिठ्ठी चिकटवली. कोऱ्या कॅसेटी कपाटात आणखी दोन होत्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुस्तक निघालं. जव्हारला एका शाळेच्या वर्गात छोटा कार्यक्रम झाला. पहिल्या पानावर, आतल्या बाजूला, बारीक अक्षरात माझं नाव होतं. माझ्या बोलीत छापलेलं पहिलं पुस्तक आणि त्यात माझं नाव! मी वडिलांना आणलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, ते नावावर बोट ठेवून बसले होते.

चैतीबाय नवीन लुगडं नेसून आली होती. भाषणं झाल्यावर माझ्याजवळ आली. "दादा, ती बायची काढ. वाच जरा."

मी म्हणालो, "ती नाही घेतली, मावशी."

"का?"

"जुन्या प्रतींत नाही ती. फार जुन्या ज्या आहेत, त्यांत कुणी लिहिलेली नाही."

तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाली, "जुन्यांनी पन नाय घेतली तिला?" आणि लगेच, जणू उत्तर तिलाच सापडलं, "बायच ना ती. कोन घेईल."

रागावली नाही. लाडू खाल्ला, एक पोरांसाठी पदरात बांधला, आणि दुपारच्या जीपनं दाभोशाला गेली. त्यानंतर ती कामाला आली नाही. सर विचारायचे तेव्हा मी सांगायचो, शेतीत असेल. एकदाही तिच्या घरी गेलो नाही. दाभोसा काही लांब नाही.

नवं शतक लागलं. आमचं काम रांगत पुढे जात होतं. आता कचेरीत मीच सगळ्यांत जुना होतो, माझ्या हाताखाली दोन मुली होत्या, आणि माझ्या मसुद्याला "ठीक आहे" म्हणणारं कुणी नव्हतं. सर थकले, नगरलाच राहायला लागले, कागद टपालानं जायचे. चैतीबाय गेल्याचं मला बाजारात कळलं, तेही ती जाऊन वर्ष झाल्यावर. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण आता लपवून काय करायचं. मला हलकं वाटलं.

मग सरांचं पत्र आलं. चारही शुभवर्तमानांचं पूर्ण पुस्तक छापायला जायचं होतं. त्यांनी लिहिलं होतं: बाईची गोष्ट या वेळी घ्यायचीच, कंसात घ्या, खाली टीप द्या, पण घ्या, आणि दाभोशाची कॅसेट तुमच्याकडे असेलच, तिच्यावरून चैतीबायच्या सांगण्याप्रमाणे उतरवा.

कॅसेट होती. तिच्यात मी होतो, वादळ शमवत.

मी दोन दिवस कचेरीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा जुना, टिपेसकटचा मसुदा समोर ठेवला आणि निदान तोच सुधारावा म्हणून बसलो. पहिलं वाक्य खोडलं. त्याच्यावर लिहिलं, "एक बाय होती." पुढचं आपोआप आलं. त्याच्या पुढचंही. दहा वर्षं जिच्यावर मी जळत होतो तिचं प्रत्येक वाक्य माझ्याकडे जसंच्या तसं होतं, कुठे श्वास घेतला, कुठे थांबली, त्यासकट. प्रेम करणारासुद्धा एवढं लक्षात ठेवत नसेल. चहा गार व्हायच्या आत चार पानं झाली. एक शब्द माझा नव्हता. एक शब्द बदलावासा वाटलाही नाही.

तपासणीला मी दाभोशाला गेलो नाही. पोशेऱ्याला गेलो. तिथे आता नव्या सुना आल्या होत्या, कुणी सुरगाण्याकडची, कुणी त्र्यंबककडची, कान कोरे. अशाच एका सुनेला वाचून दाखवलं. मी कागद मिटला. मग तिनं गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. काही गळलं नाही, काही उलटंपालटं झालं नाही. म्हातारे, दगड, खाली घातलेली मान, सगळं. माझ्या आयुष्यात पहिल्या फेरीत पास झालेला हा एकच उतारा. बरोबरच्या मुलीनं टेपरेकॉर्डर बंद केला.

सून म्हणाली, "ज्यानी ह्या लिवला, तेला बायांचा कलतं. कोनी लिवला?"

मला दाभोसा म्हणता आलं असतं. एक नाव घ्यायला किती वेळ लागतो?

"मी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे ज्या आदरानं बघितलं, तसं माझ्याकडे कुणी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तो आदर मी घेतला. खोटं कशाला सांगू, सुखानं घेतला.

उलट भाषांतर सरांना पाठवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, अक्षर थरथरतं. लिहिलं होतं, शब्दन् शब्द तिचाच आहे, वाचताना तिचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं तुम्ही ती कॅसेट जपलीत, मी त्या वेळी तुमच्याबद्दल मनात जे आणलं त्याची क्षमा मागतो. खरं काय ते उत्तरात कळवायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो, आणि मग पत्र घ्यायला सरच उरले नाहीत.

पूर्ण पुस्तक निघून आता बरीच वर्षं झाली. ती गोष्ट कंसात आहे. खाली टीप आहे की सगळ्यांत जुन्या प्रतींत हा मजकूर आढळत नाही. टीप अचूक आहे, ती मी लिहिली आहे. चैतीबायचं नाव कुठेच नाही. पहिल्या पानावर माझं आहे, या वेळी मोठ्या अक्षरात. या अंकातल्या लेखाखाली तिचंही छापा, असं मी संपादकांना कळवलं आहे. ते म्हणतात, लेखक एकच असतो.

अजूनही कधी पाड्यावर गेलो की लोक पुस्तक काढतात. म्हणतात, "दादा, ती बायची वाच." मी वाचतो. अर्ध्यावर आलो की ऐकणारे माझ्यापुढे जातात, त्यांना तोंडपाठ असते. संपली की पुस्तक मिटून परत फळीवर ठेवतात. बाकीची सगळी पानं माझी आहेत, आणि ती मला अजून कुणी वाचायला सांगितलेली नाहीत.